झीज

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी आणि बाबांनी कोलशेतच्या फ्लॅटचं कुलूप उघडलं, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये एक एक्सेल शीट आधीच तयार होतं. तीन कॉलम होते : वस्तू, नुकसान, रक्कम. घर अजून पाहिलंही नव्हतं, पण कॉलम होते. सॉफ्टवेअरवाल्यांचं असंच असतं, आधी टेबल आणि मग वास्तव.

आम्ही राहतो डोंबिवलीत. कोलशेतचा टू बीएचके बाबांनी नोकरीत असताना गुंतवणूक म्हणून घेतला. बिल्डरने ताबा द्यायला जो उशीर केला त्यात त्यांचे केस पांढरे झाले, असं आई म्हणते. २०२२ च्या मेपासून तिथे एक कुटुंब राहत होतं. नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि एक लहान मुलगी. मूळचे सोलापूरचे, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'सोलापूरकर' असाच व्हायचा. छत्तीस महिन्यांचा करार ३० एप्रिल २०२५ ला संपला आणि ते दोन दिवस आधीच किल्ल्या देऊन गेले. जाताना हिशेबाबद्दल एवढंच म्हणाले, "काका, जे असेल ते बघून घ्या."

एक लाख डिपॉझिट होतं. त्यातून किती कापायचं हे ठरवायला मी पुण्याहून दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन आलो होतो. बाबांचे गुडघे दुखतात. माणकोलीच्या पुलामुळे डोंबिवलीहून ठाण्याला स्कूटरवर लवकर पोचता येतं हे खरं, पण पोचल्यावर पेंटर, प्लंबर, सफाईवाले या सगळ्यांच्या मागे उभं राहायचं म्हणजे तरुण गुडघे लागतात.

रिकामं घर बघताना आपण पोलीस होतो. मी प्रत्येक खोलीचे फोटो काढत होतो. हॉलच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर क्रेयॉनने काढलेली लाल बस. कॅलेंडरचे, देव्हाऱ्याचे, घड्याळाचे खिळे. ओट्याच्या मागच्या टाइल्सवर फोडणीचा पिवळा थर. ट्रॉलीचं एक चॅनल अडकत होतं, बाथरूमचा नळ ठिबकत होता, ड्राय बाल्कनीच्या खिडकीची काच एका कोपऱ्यात तडकली होती. आणि पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये, जिथे त्यांचं कपाट होतं तिथे, भिंतीवर दारापेक्षा रुंद असा एक डाग. रंगाचे पोपडे सुटलेले, मध्ये पांढरा लोणा, कडेला काळसर बुरशी.

"बघ," बाबा म्हणाले, "कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं. हवा खेळायला नको का? आता सगळा रंग काढावा लागणार."

मी लिहिलं : रंगकाम १८,०००. सफाई ४,५००. खिळ्यांची भोकं १,५००. ट्रॉली १,२००. काच ९५०. नळ ८५०. बेरीज आली २७,०००, म्हणजे बरोबर एका महिन्याचं भाडं. हा योगायोग नव्हता. "साधारण एक महिना कापतात" हे आम्ही स्कूटरवर येतानाच बोललो होतो. आकडे त्या उत्तराकडे चालत गेले. खिळ्यांची भोकं बुजवणं रंगकामातच येतं हे मला माहीत होतं, तरी ती ओळ मी वेगळी लिहिली, कारण त्याशिवाय बेरीज पंचवीस-साडेपंचवीसवर अडकत होती.

त्या रात्री डोंबिवलीच्या घरी शीट नीट करताना पहिल्या ओळीवर मी लिहिलं, "घर ज्या स्थितीत दिले त्या स्थितीत परत मिळाले नाही." आणि थांबलो. हे वाक्य माझं नव्हतं. ते मी कुठेतरी वाचलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वाकडमध्ये मी फ्लॅट सोडला तेव्हा माझ्या मालकाने मला एक पीडीएफ पाठवलं होतं, त्यात हेच वाक्य होतं. बावीस महिने राहिल्यावर माझ्या डिपॉझिटमधून 'फुल पेंटिंग'चे चौदा हजार कापले गेले. मी तेव्हा इतका चिडलो होतो की मित्रांना तो पीडीएफ दाखवत फिरलो. आणि आता तेच वाक्य, तोच फॉरमॅट, तेच तीन कॉलम मी उघडून बसलो होतो.

जॉन रॉल्स हा तत्त्वज्ञ १९७१ च्या त्याच्या पुस्तकात म्हणतो की नियम ठरवताना आपण समाजात कोणत्या जागी असणार हे माहीत नाही असं समजा, मग तुम्ही न्याय्य नियम कराल. मालक व्हाल की भाडेकरू, हे माहीत नसेल तर डिपॉझिटचा नियम तुम्ही जपून कराल. कॉलेजात एका इलेक्टिव्हमध्ये हे शिकलो तेव्हा पटलं होतं. पण मला तर कल्पनेचीही गरज नव्हती. मी पुण्यात भाडेकरू आणि कोलशेतमध्ये मालकाचा मुलगा, असा दोन्हीकडे प्रत्यक्ष होतो. त्याने माझ्यात न्यायबुद्धी यायला हवी होती. आलं काय, तर टेम्प्लेट. अन्याय झालेला माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो हे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो फक्त पद्धत शिकून घेतो.

पुण्यात मी ज्या मुद्द्यावर भांडलो होतो तो साधा होता. घर वापरलं की झिजतं. त्या वापराचंच भाडं दिलं ना? सोलापूरकरांनी तीन वर्षांत पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस हजार दरमहा असे नऊ लाख छत्तीस हजार रुपये दिले. हे पैसे कशाचे? भिंतींकडे बघण्याचे नव्हेत. फोडणी देण्याचे, खिळे ठोकण्याचे, मुलीला वाढवण्याचे. हे सगळं करूनही घर करकरीत परत द्या म्हणणं म्हणजे भाडं घेऊन वर 'तुम्ही इथे राहिलाच नाहीत' असं लिहून मागणं आहे.

कायद्यालाही हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ सांगतं की भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने मालमत्ता मिळाली तशा चांगल्या स्थितीत परत करायची, पण वाजवी वापराने झालेली झीज आणि नैसर्गिक आपत्तीने झालेले बदल वगळून. म्हणजे झीज वेगळी आणि नुकसान वेगळं. झीज मालकाची, नुकसान भाडेकरूचं. पण आपल्याकडे आता कोणी भाडेपट्टा करत नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' करतो. त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यातली ही 'लायसन्स' म्हणजे निव्वळ परवानगी, घरावर कुठलाच हक्क नाही. पट्टेदारासाठी लिहिलेलं कलम १०८ परवानगीदाराला आपोआप लागू होत नाही. त्याचं सगळं रक्षण करारात जे छापलं असेल तेवढंच, आणि करार बहुतेक वेळा एजंटच्या कॉम्प्युटरमधला जुना मसुदा असतो. अंगठ्याचं मशीन घेऊन मुलगा घरी येतो, 'इथे ठेवा, आता इथे' म्हणतो आणि पाच मिनिटांत नोंदणी होते. आमच्या करारात झिजेचा अपवाद होता, एका ओळीत. मी तो त्या रात्री पहिल्यांदा वाचला.

अपवाद लिहिलेला असला तरी झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं हे कोण ठरवणार? ज्याच्या खात्यात डिपॉझिट आहे तो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून बहुतांश खाजगी भाडेकरारांत मालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं, आणि वाद झाला तर त्रयस्थ माणूस निकाल देऊ शकतो. तो रंग किती जुना होता, तो एरवी किती वर्षं टिकला असता, हेही बघतो. आपल्याकडे फिर्यादी, न्यायाधीश आणि वसुली अधिकारी हे तिघेही एकाच स्कूटरवरून येतात. त्यांतला एक मी.

मी बाबांना हे सांगितलं. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं तर तीन वर्षं भाड्यातच वसूल झाली, सगळ्या भिंती त्यांनी खराब केल्या असं मानलं तरी दोन पंचमांश, म्हणजे ७,२००, याहून जास्त मागता येत नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या चाळीत मालक कधी रंग द्यायला आला नाही. दिवाळीच्या आधी आम्हीच चुना कालवायचो, त्यात नीळ टाकायची. भाडेकरूच रंग देतो, हे मी जन्मापासून बघतोय."

मला आधी वाटलं, हे नुसतं आठवणीत रमणं आहे. नंतर लक्षात आलं की सगळी गाठ इथेच आहे. बाबा लालबागच्या चाळीतले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने तिथली भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि पुढची कित्येक दशकं जवळपास तिथेच राहिली. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडेना किंवा करावीशी वाटेना. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवावा लागला. पण भाडेकरू हलत नव्हता. पागडी देऊन आलेला, मुलाला खोली देऊन जाणारा तो जवळजवळ मालकच होता, म्हणून भिंतीला चुना तोच लावायचा. झीज त्याची होती कारण घरही बऱ्यापैकी त्याचंच होतं.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने परवानगीदाराची स्थिती साफ उलटी केली. मुदत संपली की बाहेर, नाही गेला तर दुप्पट रक्कम द्यायची. मालकाला ही खात्री नसती तर बाबांनी कोलशेतचा फ्लॅट कुलूप लावून ठेवला असता, जसे त्या काळात मुंबईत अनेकांनी ठेवले. त्यामुळे हा कायदा वाईट असं मी म्हणणार नाही. पण झालं असं की हक्क गेले आणि कर्तव्य तेवढं राहिलं. चाळीतल्या भाडेकरूचा चुना आम्ही सोलापूरकरांच्या हातात दिला आणि चाळीतल्या भाडेकरूची खोली मात्र दिली नाही.

(क्रेयॉनची बस नुकसान की झीज, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. एजंट जाहिरातीत 'ओन्ली फॅमिली' लिहितो, आम्हीही तसंच लिहायला सांगितलं होतं. फॅमिली हवी म्हणणाऱ्याने क्रेयॉन मान्य केलेलाच असतो, असं माझं मत. आईने निकाल दिला : बस चांगली काढली आहे.)

डाग मात्र राहिला. तो अठरा हजारांचं मूळ होता. सोमवारी पेंटर आला. त्याने पत्र्याने पोपडे खरवडले, बोटाने लोणा चोळून बघितला, खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. खिडकीसमोर येऊरचे डोंगर, म्हणजे पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा सगळा मार याच भिंतीवर. तो म्हणाला, "दादा, हे कपाटाचं काम नाही. बाहेरच्या प्लास्टरला तडा आहे. पाणी तिकडून येतं. आता उन्हाने कोरडी दिसते, पण वाट तशीच आहे. मी पुट्टी मारून देतो, मस्त दिसेल. पण हा मे महिन्याचा रंग. जुलैचा नाही."

मग मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सोलापूरकर, बाबा आणि मी असा आमचा एक ग्रुप होता. वर वर जात २०२३ च्या जुलैपर्यंत गेलो. तिथे त्याच भिंतीचा फोटो होता, तळहाताएवढा ओला डाग. खाली सोलापूरकरांनी लिहिलं होतं, "काका, बाहेरून पाणी येतंय वाटतं. आईची खोली आहे. बघता का?" बाबांचं उत्तर, "सोसायटीला कळवतो." आणि त्याखाली माझा अंगठा. मी त्या फोटोला अंगठा दिला होता. कशासाठी, आठवत नाही. बहुधा स्टँडअपमध्ये होतो.

म्हणजे त्यांनी कपाट लावून भिंत खराब केली नव्हती. भिंत खराब होती म्हणून, रोज दिसू नये म्हणून, तिथे कपाट लावलं असणार. आणि आम्ही आता काय करत होतो? डाग गेलेल्याच्या नावावर लिहून त्याचे पैसे घेत होतो, आणि त्याच पैशांनी तो डाग येणाऱ्यापासून झाकत होतो. एकाच ओलीची दोनदा किंमत वसूल होत होती.

शीट नव्याने केलं. नळ आणि काच या दोन ओळी ठेवल्या. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडे कायदा नमुना म्हणून मंजूर केला, त्याच्या यादीत नळ आणि खिडकीच्या काचा भाडेकरूकडे आहेत, भिंतींचा रंग मालकाकडे. तो नमुना आमच्या करारात कुठेच नव्हता, पण मला स्वतःच्या मनाबाहेरचा एखादा मापदंड हवा होता. कापायचे १,८००, द्यायचे ९८,२००. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "दे त्यांना. पण रंग ठरलाय तसा होईल."

मी पैसे पाठवले. दहा मिनिटांत सोलापूरकरांचा मेसेज आला : "दादा, चुकून जास्त आले का? एकदा चेक करा." त्यांनी मनातल्या मनात महिनाभराचं भाडं सोडून दिलं होतं. मला समाधान वाटायला हवं होतं. वाटली लाज, कारण त्यांचा अंदाज बरोबर होता.

रंग झाला. भिंत खरोखर मस्त दिसत होती. इथे खरा वाद सुरू झाला, कारण रविवारी, ११ मेला, एक जोडपं घर बघायला येणार होतं.

बाबांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते कच्चं नाही. "आपण सांगितलं की हे लोक जातील. कुठे जातील? समोरच्या टॉवरमध्ये. तिथेही पश्चिमेच्या भिंतीला ओल असणार, फक्त तो मालक सांगणार नाही. म्हणजे तुझ्या खरं बोलण्याने त्यांची ओल चुकत नाही. फक्त खऱ्या मालकाचं घर रिकामं राहतं आणि खोट्याचं भरतं." १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हीच भीती आहे. दोष फक्त विकणाऱ्याला माहीत असेल तर चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो. पुढे याच विषयावरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. बाबांनी तो निबंध वाचलेला नाही, पण घोडबंदर पट्ट्यात दोन वेळा फ्लॅट भाड्याने दिला आहे.

मी म्हणालो, निदान खोटं बोलायचं नाही. विचारलं तर सांगू. बाबा म्हणाले, "चालेल. विचारलं तर सांग." ही तडजोड मला रात्रभर बरी वाटली. सकाळी नाही वाटली. करार कायद्याचं, १८७२ च्या, कलम १७ वाचलंत तर तिथे एक बारीक भेद आहे. निव्वळ गप्प राहणं ही सहसा फसवणूक नाही, पण माहीत असलेली गोष्ट कृतीने लपवणं ही आहे. उघड्या डागासमोर मी गप्प उभा राहिलो असतो तर ते मौन होतं. डागावर दोन हात पुट्टी आणि दोन हात रंग देऊन गप्प राहणं हे मौन नाही. ते रोलरने बोललेलं वाक्य आहे : ही भिंत कोरडी आहे. आणि ज्या कलम १०८ मध्ये झीज मालकाची ठरते, त्याचंच पहिलं पोटकलम म्हणतं की मालकाला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष मालकाने सांगायचा. साध्या तपासणीत दिसू नये याचीच मजुरी आम्ही पेंटरला दिली होती.

जोडपं जळगावचं, दोघंही नोकरी करणारे, माझ्याच वयाचे. ती त्या बेडरूममध्ये गेली, खिडकी उघडली, डोंगर बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे आईंचा बेड लावू. व्ह्यू छान आहे." तिने ओलीबद्दल काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं? भिंत कोरडी होती, रंगाचा वास येत होता.

मी सांगितलं. फार नीट सांगितलं असं नाही. "इथे पावसात थोडी... म्हणजे बरीच ओल येते. बाहेरून. आता रंग दिलाय म्हणून दिसत नाही." बाबा उठून बाल्कनीत गेले आणि कबुतरं नसताना कबुतरांची जाळी तपासत राहिले.

ते गेले नाहीत. दोघं खाली पार्किंगमध्ये जाऊन वीस मिनिटं बोलले आणि वर आले. तीस हजार सांगितले होते, ते एकोणतीसला तयार झाले. शिवाय करारात ओळ हवी होती : पश्चिमेकडच्या भिंतीची ओल आणि तिची दुरुस्ती मालकाकडे. बाबांनी मान हलवली. एजंटने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या धंद्यात थुंकलो.

परत येताना पुलावर वारा होता. मी मागे बसलो होतो. बाबा मान न वळवता म्हणाले, "सचोटी तुझी, हजार रुपये माझे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. फ्लॅट त्यांच्या नावावर, हप्ते त्यांनी भरले. भाडं त्यांच्या पेन्शनमध्ये मिसळून औषधाला आणि किराण्याला जातं. मी महिन्याला जे कमावतो त्यात हे हजार रुपये दोनदा बाहेर जेवण्याचे. दुसऱ्याच्या खिशातून खरं बोलणं फार सोपं असतं. मी म्हणालो, दर महिन्याला हजार मी पाठवतो. ते म्हणाले, "मग काय झालं? आता तू मला खरेपणाचं भाडं देणार?" तो विषय तिथेच राहिला. मी पैसे पाठवत नाही. पाठवायला हवेत का, हे मला ठरवता आलेलं नाही.

आणि मग पावसाने मध्येच तोंड घातलं. गेल्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मेला आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत लवकर. त्याआधीही मे महिनाभर सरी चालूच होत्या. १ जूनला जळगावकर सामान घेऊन आले तेव्हा पेंटरने जुलैपर्यंतही मुदत दिली नव्हती हे कळलं. डाग भिंतीवर हजर होता. फिकट, ओला, पण त्याच आकाराचा, जसा काही दोन महिने गावाला जाऊन आला होता. तिने तो बघितला, 'हाच का?' म्हणाली आणि आईंचा बेड दुसऱ्या भिंतीला लावायला सांगितला. भांडण नाही, फसवलं म्हणून आरडाओरडा नाही, पहिल्याच दिवशी करार मोडायची भाषा नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

मला ते आवडलं नाही. कांट १७८५ च्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण देतो. तो अडाणी गिऱ्हाइकालाही बरोबर भाव लावतो, कारण त्यानेच धंदा चालतो. कांटच्या मते त्याचं वागणं योग्य आहे, पण त्यात नैतिक असं काही नाही. पाऊस दहा दिवस उशिरा आला असता तर माझं सांगणं हे निव्वळ सांगणं राहिलं असतं. आता ते फायद्याचं ठरलं. बाबांना माझा मुद्दा पटला नव्हता, फक्त माझा अंदाज पटला होता. आणि मला हे खटकतंय म्हणजे मी तरी ते जळगावकरांसाठी केलं होतं की वाकडच्या त्या पीडीएफसाठी, हेही आता नीट सांगता येत नाही.

मराठीत 'झिजणं' हा विचित्र शब्द आहे. चंदन झिजतं तेव्हा आपण हात जोडतो, भिंत झिजली की पैसे कापतो. आणि तिसरं, उंबरठे झिजवणं. आमच्या फ्लॅटला उंबरठा म्हणजे संगमरवराची दोन इंची पट्टी, ती झिजायला शंभर वर्षं लागतील.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. आत सोसायटीला दिलेली चार पत्रं होती. पहिलं जुलै २०२३ चं, त्या फोटोनंतर तीन दिवसांनी दिलेलं, शेवटचं त्या मार्चचं. प्रत्येकावर ऑफिसचा शिक्का आणि पोच. विषय : पश्चिमेकडील बाह्य भिंतीच्या दुरुस्तीबाबत. अक्षर बाबांचं, खाली रेघ मारून 'विनंती'. एकालाही लेखी उत्तर नव्हतं. म्हणजे त्यांनी 'कळवतो' म्हटलं आणि खरोखर कळवलं होतं. गुडघे दुखत असताना चार वेळा तिथपर्यंत गेले होते. मग कपाटाचा दोष सोलापूरकरांवर का टाकला, हे मी विचारलं.

"तिकडून काही मिळत नव्हतं," बाबा म्हणाले, "आणि हे इथे होते."

मग म्हणाले, "पाचवं पत्र टाइप करून दे. यात कराराची ती ओळ घाल, आता दुरुस्ती लेखी आपल्याकडे आलीय म्हणावं. आणि झुलावाल्याला विचार, फक्त आपल्या मजल्याचं बाहेरून करायचं तर किती घेईल."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी तारीख सांगितली, विषय सांगितला, आणि 'माननीय' लिहायचं की 'सन्माननीय' यावर आमचं पुन्हा थोडं वाजलं.